खुलना चाहिए

दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तातेराव साळवे जालन्यातल्या धर्मराजच्या हार्डवेअरच्या दुकानातून ग्रीसचा एक डबा नेत. धर्मराजचे वडील गल्ल्यावर बसत तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, हे चालत आलेलं. काय पाहिजे हे विचारायची वेळच येत नसे. तातेरावांची सायकल दाराशी लागली की डबा फळीवरून उतरायचा. यंदाही उतरला, पण धर्मराजच्या हातातच राहिला. "मामा, यंदा कशाला नेऊन राह्यले?" तो म्हणाला. "तुमचं ते खोक्याचं होस्टेल तर दसरा झाला की पाडून राह्यले. ठेकेदार कालच सहा घन घेऊन गेला न इथून." कशानं कोण जाणे, पण बोलता बोलता त्यानं दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली, आणि तातेरावांना पुढचा क्षणभर तेवढीच बोटं दिसत राहिली. मग त्यांनी हात पुढे केला. "डबा दे. नवमी उद्या हाय. दसऱ्यानंतरचं दसऱ्यानंतर बघू." धर्मराजनं डबा दिला.

सायकल हातात धरून ते चालतच निघाले, आणि हे त्यांच्या लक्षात आलं ते थेट गांधी चमनच्या चौकापाशी. स्वतःचाच राग आला. साठीचा माणूस, चाकं असून पायी चाललाय म्हणजे काय! बातमी तशी नवी नव्हती. भोकरदन रस्त्यावरच्या बियाणे प्रशिक्षण केंद्रात ते वीस वर्षं फिटर होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि होस्टेल 'निर्लेखित' झालं, म्हणजे मोडीत निघालं, असं वर्षभर कानावर येत होतं. सरकारी शब्द असा गुळगुळीत असतो की तो कुणाला लागत नाही. घन हा शब्द लागतो. सहा घन एकामागून एक कुठं पडतील हे त्यांना चालता चालता दिसू लागलं, आणि प्रत्येक वेळी ते पडत होते सात नंबरच्या खोलीच्या खिडकीखालीच. त्या खिडक्या बसच्या खिडक्यांसारख्या, कोपरे गोल केलेल्या. जालन्यात तशी खिडकी दुसऱ्या घराला नव्हती. होस्टेल म्हणजे दोन उंच खांब, एकाच्या पोटात जिना, दुसऱ्याच्या पोटात पाण्याचे नळ, आणि त्यांच्या अंगाला तीन मजल्यांवर अडकवलेल्या चोवीस सुट्या खोल्या. सुट्या म्हणजे खरोखरच सुट्या. लोखंडी सांगाड्यावर पातळ काँक्रीट, प्रत्येक खोली जमिनीवर वेगळी तयार केलेली, उचलून चार बोल्टांवर बसवलेली. भिंतीतून पलंग उघडायचा, भिंतीतून टेबल उघडायचं. लोक त्याला खुराडं म्हणत, कबुतरखाना म्हणत. खोटं कशाला बोला, मे महिन्यात त्या खोल्या भट्टीसारख्या तापत आणि वरच्या मजल्याला ओल यायची, हे तातेराव स्वतःच सगळ्यांच्या आधी सांगत. आपल्या पोराला आपण नावं ठेवावीत, दुसऱ्यानं ठेवली की मात्र त्यांचा आवाज चढायचा.

ज्यानं ते उभारलं त्या जपानी साहेबाचं नाव ओकुमुरा. हे नाव जालन्यात एक दिवसही टिकलं नाही. गेटवरच्या माणसानं 'ओ कुमार' एवढंच ऐकलं आणि रजिस्टरात कुमारसाहेब लिहून टाकलं. साहेबांनी दोन दिवस दुरुस्त करून पाहिलं, तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःच 'मैं कुमार' म्हणू लागले. ही ब्याऐंशी सालची गोष्ट. तातेराव तेव्हा जिनिंगमधली नोकरी सोडून नुकतेच केंद्रात लागले होते, आणि साहेबांना पाना देणारा, पाना घेणारा, साहेबांचं मोडकं हिंदी सगळ्यांत आधी समजणारा माणूस म्हणून त्यांची वट होती. दुपारी खडीच्या ढिगाच्या सावलीत भाकरी खाताना साहेब बोलायचे. लढाईत त्यांचं शहर जळालं तेव्हा ते सात वर्षांचे होते. घर होतं तिथं फक्त दगडी पायरी उरली होती, ती गरम होती, एवढंच त्यांना आठवायचं. मग राखेतून शहर पुन्हा उभं करताना तिकडच्या काही तरण्या लोकांच्या डोक्यात आलं, की घर झाडासारखं का असू नये? खोड राहील, पान पिकलं की गळेल, त्या जागी नवं येईल. तशी एक मोठी इमारत टोकियोत उभी राहिली, सगळ्या खोल्या बोल्टांवर. साहेब तेव्हा तिचे नकाशे काढायला होते. इथं जालन्यात तिचं लहान भावंड उभं करायचं होतं. साहेब भाकरीचा तुकडा हातात धरून खोली कशी सुटेल, कशी पुन्हा बसेल ते दाखवायचे, आणि शेवटी ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की सगळे हसायचे. महारवाड्यातून शिकून वर आलेल्या तातेरावांना त्या बोलण्यात काहीतरी आपलं वाटे. आहे ते कायमचं नाही, सोडवता येतं, बदलता येतं, असं म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदा विहारात भेटला होता. हा दुसरा.

आणि मग तो 'ध'चा 'मा' झाला. सगळ्या खोल्या लागल्या होत्या. प्रत्येक बोल्टाभोवती भिंतीत वीतभर खोबण मुद्दाम मोकळी ठेवलेली, पाना जावा म्हणून. साहेबांना चार दिवस औरंगाबादला जायचं होतं. जाताना त्यांनी गिलाव्याच्या भिवा मिस्तरीला बोलावलं, एका खोबणीवर हात ठेवला आणि निक्षून सांगितलं, "ये खुलना चाहिए. बहुत अच्छा खुलना चाहिए." भिवा केदारखेड्याचा. साऱ्या भोकरदन तालुक्यात त्याच्या हाताचा गिलावा लोणी म्हणून ओळखला जायचा. त्यानं मान डोलावली. भिवाला हिंदी येत नव्हतं असं नाही. जालन्यात कुणाला येत नाही? पण मिस्तरीच्या डोक्यात भिंत पाहिली की एकच विचार येतो. "साहेब म्हणून राह्यला, खुलून दिसलं पाह्यजे," त्यानं हाताखालच्या बायांना सांगितलं. "बराबरच हाय त्याचं. भोकाभोकांचं घर कुठं खुलून दिसतं?" चार दिवसांत त्यानं शहाण्णवच्या शहाण्णव खोबणी सिमेंटनं बुजवल्या, घोटल्या, वरून चुन्याचा हात दिला. साहेब परत आले, भिंतीवरून तळवा फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोल्ट कुठं गेले ते हातालाच विचारल्यासारखं. मग वाळूच्या ढिगावर मटकन बसले. भिवा पुढं झाला आणि मोठ्या आनंदानं म्हणाला, "खुललं न साहेब?"

कुणाचा काय घोटाळा झाला हे एकट्या तातेरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी दोघांनाही सांगितलं, आधी साहेबांना, मग भिवाला. साहेब आधी बघतच राहिले, आणि मग इतके हसले की त्यांना खोकला लागला. भिवा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो छिन्नी-हातोडी घेऊन हजर, आणि अकरा दिवस त्यानं आणि तातेरावांनी मिळून त्या शहाण्णव खोबणी पुन्हा मोकळ्या केल्या. स्वतःचा घोटलेला गिलावा स्वतःच्या हातानं फोडणारा मिस्तरी तातेरावांनी तेवढा एकच पाहिला. शेवटची खोबण मोकळी झाल्यावर साहेबांनी तातेरावांच्या हातात मोठा पाना दिला, एक नट उघडून दाखवायला लावला, पुन्हा आवळायला लावला, आणि म्हणाले, "साल में एक बार ग्रीस. तुम." तुम म्हणताना त्यांनी बोट तातेरावांच्या छातीवर टेकवलं होतं. ते बोट अजून तिथंच होतं. साहेब जपानला परत गेले, पण दर नवमीला तातेराव डबा घेऊन शिडीवर चढायचे. त्या दिवशी केंद्रातली हत्यारं धुऊनपुसून पूजेला बसायची, म्हणजे कुणाचं काम अडायचं नाही, आणि पूजेशी तातेरावांचा संबंध नसल्यानं त्यांना दिवस मोकळा. भिवा खालून ओरडायचा, "आमची नवमी कुंकवाची, तुमची ग्रीसची!" भिवाला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

घरी आले तेव्हा प्रभावती दसऱ्याला विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्याला इस्त्री करत होती. नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा पाहून तिनं इस्त्री उभी केली. तातेरावांनी सांगितलं. सांगताना पेटीतून ते कार्डही काढलं, नऊ वर्षांपूर्वीचं शेवटचं. साहेब दर जानेवारीला एक कार्ड पाठवायचे आणि केंद्रातला बाबू ते वाचून दाखवायचा. त्या शेवटच्या कार्डात लिहिलं होतं, की टोकियोतली ती मोठी इमारत पाडायची बोलणी सुरू झाली आहेत. खोल्या बदलता याव्यात म्हणूनच बांधली, पण एवढ्या वर्षांत एकही खोली कुणी बदलली नाही, म्हणून लोक म्हणू लागलेत की ती बदलता येतच नाही. आणि खाली एक ओळ: तुमची खुलते का? या ओळीचं उत्तर तातेरावांनी कधी पाठवलं नाही. बाबू विचारायचा, ते टाळायचे. खरं कारण त्यांनी प्रभावतीलाही सांगितलं नव्हतं, आणि ते कारण एवढंच होतं, की साहेब गेल्यापासून त्यांनी एकाही नटाला पाना लावला नव्हता. ग्रीस लावायचं, थर द्यायचा, शिडी उतरायची. फिरवून बघायची हिंमत कधी झाली नाही. न फिरला तर? एवढी वर्षं छातीवर जे बोट होतं ते मग कुठं जाईल? प्रभावतीनं कार्ड हातात घेतलं, तिला त्यातलं अक्षर लागत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिलं. "भेऊन राह्यले तुम्ही," ती म्हणाली. "झाकली मूठ ठेवली इतकी वर्सं. आता घन पडल्यावर ती कोन उघडनार हाय?" तातेरावांनी कार्ड तिच्या हातून घेऊन पेटीत ठेवलं. तिनं इस्त्री पुन्हा हातात घेतली.

नवमीच्या सकाळी केंद्रात झेंडूचा वास भरला होता. वर्कशॉपच्या ओट्यावर पाने, पकडी, करवती मांडलेल्या, आणि त्यांच्याच रांगेत शेवटी ते सहा नवे घन, दांड्यांना कुंकवाची बोटं लावून. ते बघून तातेरावांना शिसारी आली, आणि मग वाटलं, त्यांचा काय दोष? ठेकेदार शिवाजी तिशीतला, अंगापिंडानं चांगला, बोलायला गोड. बांधकाम खात्याच्या डेप्युटी इंजिनिअर कौसल्या मॅडम तीर्थपुरीच्या. पूजेला आल्या होत्या, हातात नारळाचा तुकडा होता. तातेराव सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "मॅडम, हे पाडायचं काम न्हाई. हे सोडवायचं काम हाय. चार नट काढले की खोली अख्खी खाली येती." शिवाजी हसला, पण मामा म्हणूनच बोलला. "मामा, बावीस वर्सं झाली. लोखंड हाय ते. गंजून एकजीव झालं असंल." "तू हात लावून पाह्यला का?" "न्हाई." "मी बावीस वर्सं लावून राह्यलो," तातेराव म्हणाले, आणि त्या आवाजातला ताठा त्यांच्या त्यांनाच नवा वाटला. मॅडमनी होस्टेलकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "कागदावर 'पाडणे' असं लिहिलंय, मामा," त्या म्हणाल्या. "पण एक खोली. चार वाजेपर्यंत अख्खी खाली आली, तर मी 'पाडणे' खोडून 'सोडवून हलवणे' करून वर पाठवते. माझ्या यादीत सोळा शाळा आहेत, झाडाखाली वर्ग भरतात, तिथं या खोल्या कामी येतील. नाही आली, तर मग माझा नाइलाज." शिवाजीनं शेवटची अडचण काढली. "पन आज हत्यार कसं चालवायचं? नवमी हाय." "तुझं हत्यार बसलंय पूजेला," तातेराव म्हणाले. "माझा पाना कुनी पुजला न्हाई." क्रेनवरून चाँदपाशानं मान बाहेर काढली, क्रेन त्याची स्वतःची, ठेक्यावर आणलेली. "अपनी भी आज छुट्टी नहीं है, चाचा. बोलो, पट्टा किधर लगाऊं?" तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या.

खोली निवडली पहिल्या मजल्यावरची सात नंबर. क्रेनचे पट्टे खालून घेऊन ताणले, खोलीचा भार त्यांच्यावर आला, आणि तातेराव शिडीवर चढले. खालचा डावा नट. चिंधीनं पुसला, पाना बसवला, पान्याला हातभर पाइप घातला. उगीच पुन्हा एकदा पुसला. मग जोर लावला. काहीच झालं नाही. पुन्हा लावला, आणि कट् असा आवाज झाला. तो कानाच्याही आधी त्यांना खांद्यात ऐकू आला. नट फिरला. एक फेरा, दोन फेरे, मग बोटांनीच, बाटलीचं बूच फिरावं तसा. तातेरावांनी कपाळ भिंतीला टेकलं, आणि भिंत उन्हानं तापलेली होती, तरी तसंच ठेवलं. खालचा उजवा नट गेला. वरचा डावा गेला. खाली आता गर्दी जमली होती, प्रशिक्षणाला आलेली पोरं, स्वयंपाकीण, पूजेची माणसं, आणि प्रत्येक नट खाली आला की कुणीतरी तो हातात घेऊन फिरवून बघत होतं.

चौथ्यापाशी घोडं अडलं. हा नट पाण्याच्या खांबाला लागून, आत. हात जाईल एवढीच फट. तो तातेरावांनी इतक्या वर्षांत डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता, नुसता चाचपून ग्रीस चोपडलेला. पाना आत घातला तर तो बसेचना. घसरायचा. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. साडेतीन वाजले. "मामा, गॅस कटर मागवू का?" शिवाजी खालून म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, खरीच कळकळ होती. "पाच मिनटांत कापून देतो." "कापली तर ती सुटली न्हाई, तोडली," तातेराव म्हणाले. त्यांनी हात खांद्यापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. बोटांना नटाचे कोपरे लागेनात. गोल, गुळगुळीत, लाखेसारखा कडक गोळा लागत होता. हे काय? नख लावलं तर नख वाकलं. आणि मग एकदम त्यांना कळलं. ते ग्रीस होतं. बावीस नवम्यांचं ग्रीस, जुनं न पुसता थरावर थर दिलेलं, उन्हानं सुकून दगड झालेलं. इतर नटांचं दिसायचं म्हणून पुसलं जायचं; याचं दिसायचं नाही म्हणून नुसतं चढत गेलं. भिवानं सिमेंटनं बुजवलं होतं, आपण ग्रीसनं. तेवढ्याच प्रेमानं, तेवढंच घोटून. तातेरावांना शिडीवरच हसू फुटलं, आणि खालची माणसं घाबरली, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय. "माझा डबा द्या वर," ते ओरडले. लोकांना वाटलं जेवणाचा, आणि होताही जेवणाचाच. त्यातला प्रभावतीनं घातलेला स्टीलचा चमचा त्यांनी काढला, डिझेलमध्ये बुडवला आणि हात आत घालून खरवडायला लागले. ढलप्या निघत होत्या. काळी, मग तपकिरी, मग पिवळी, वर्षामागून वर्ष बोटांत येत होतं. एका ढलपीला लाल रंग होता. हे कुंकू, भिवानं कधीतरी गुपचूप हात घालून लावलेलं. ती ढलपी त्यांनी खिशात टाकली. तळाशी नट लागला, कोपऱ्यांसकट, गार, हाताला तेलकट. पाना बसला तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती, आणि नटानं फार हट्ट केला नाही. त्यानं त्यांना फक्त एकदा दात ओठ खायला लावले.

चाँदपाशानं पट्टा हळूच वर घेतला. सात नंबर खांबापासून वीतभर सरकली, मग हातभर, मग अख्खी हवेत आली, आतलं टेबल मिटलेलं, पलंग मिटलेला, एकही भेग नाही. ती होती तिथं मागच्या काँक्रीटचा चौकोन ब्याऐंशी सालासारखा गोरा दिसत होता. तातेराव शिडी उतरले. मान ताठ होती. आज त्यांनी ती मुद्दाम ताठ ठेवली, जालन्यातल्या ज्या ज्या माणसानं खुराडं म्हटलं होतं त्या सगळ्यांसाठी. कौसल्या मॅडम फाइल गाडीच्या बॉनेटवर ठेवून एक शब्द खोडत होत्या, पेन दाबून, दोनदा. नऊ वर्षं अडलेल्या कार्डाचं उत्तर आता लिहिता येणार होतं. बाबूकडून नाही, स्वतःच, देवनागरीत का होईना. कुमारसाहेब ते कुणाकडून तरी वाचून घेतील. खोली हवेत जरा फिरली, उतरतं ऊन तिच्या गोल कोपऱ्यांच्या खिडकीवर आलं, भिंतीवरचा जुना चुना उजळला. शिवाजी डोळ्यांवर हात धरून वर बघत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आपला मनापासून म्हणाला, "काय खुलून दिसून राह्यली न मामा!"

तातेरावांनी चाँदपाशाकडं पाहून हात वर केला. "थांबव जरा. लगेच खाली घेऊ नको," ते म्हणाले. "भिवा मिस्तरीला बघू दे."

शिवाजीनं मागं वळून गर्दीत पाहिलं, मिस्तरी कोण ते शोधलं. चाँदपाशानं खोली तशीच उन्हात धरून ठेवली.